'आय'ल टेक यू देअर': तारणाचं गाणं की नुसतं नाचायचं?

मृदंगी (धागाकर्ता)

१९७२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर जे गाणं जाऊन बसलं ते माझ्या मते चक्क प्रवचन आहे. द स्टेपल सिंगर्सचं 'आय'ल टेक यू देअर'.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वडील रोबक स्टेपल्स, ज्यांना सगळे 'पॉप्स' म्हणत, आणि त्यांच्या मुली मेव्हिस, क्लिओथा, इव्हॉन. शिकागोच्या चर्चांमधून गात वर आलेलं कुटुंब. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीने काढलेली ही रेकॉर्ड. गाण्यात गोष्ट नाही, धड कडवीही नाहीत. मेव्हिस सांगते, मला एक ठिकाण ठाऊक आहे. तिथे कुणी रडत नाही, कुणाच्या जिवाला घोर नाही, तोंडावर हसून वंशावंशांना फसवणारे चेहरे तिथे नाहीत. बस, एवढंच. उरलेला सगळा वेळ एकच धोशा: मी नेते तुला तिथे.

याच्या खाली बास आणि ड्रमची अशी चाल आहे की मेलेला माणूसही पाय हलवेल. म्हणून मी याला फंकच म्हणतो, म्हणजे काळ्यांचं ठेक्यावर नाचवणारं संगीत. त्यावरून कुणी भांडणार असेल तर खुशाल भांडा.

गाणं आलं तेव्हा अमेरिकेतल्या काही चर्चवाल्यांनी बोंब मारली की हे लोक देवाला सोडून सैतानाचं संगीत गायला लागले. मेव्हिसने पुढे मुलाखतींमधून याला उत्तर दिलंय. सैतानाकडे कसलं आलंय संगीत, आणि आम्ही नेणार म्हणतोय ते स्वर्गाशिवाय दुसरं कुठे? उलट बाजूला आजचे समीक्षक. त्यांना यात फक्त नागरी हक्कांची चळवळ दिसते, स्वर्ग म्हणजे नुसतं आवरण. माझं म्हणणं असं की दोघांचंही ऐकायचं राहून गेलंय.

पहिली गोष्ट शब्दांची. रडणं नाही, दुःख नाही, ही यादी थेट बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली आहे, प्रकटीकरण २१:४. 'मला जागा ठाऊक आहे, मी नेते' हे योहानाच्या १४ व्या अध्यायातलं, जिथे येशू शिष्यांना म्हणतो की मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो आणि परत येऊन तुम्हाला घेऊन जाईन. चर्चमध्ये वाढलेल्या कुठल्याही काळ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नव्हतं. येशूचं नाव गाण्यात नाही, 'मर्सी'सारखे उद्गार येतात तेवढेच. पण ज्याला कळायचं त्याला कळत होतं.

दुसरी गोष्ट चालीची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. अख्ख्या गाण्यात दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगट) आहेत, सा चा आणि मध्यमाचा. पाश्चात्त्य गाणं साधारणपणे पंचमाच्या कॉर्डवरून घरी येतं, तिथे कानाला 'पोचलो' असं वाटतं. इथे पंचमाचा कॉर्ड येतच नाही. म्हणजे गाणं कुठे पोचत नाही, निघालेलंच राहतं आणि तसंच विरत जातं. तारणाचं वचन असंच असतं ना? दिलेलं असतं, चालू असतं, हातात पडलेलं नसतं.

आणि जन्मकथाही सांगतो. लिहिलं अल बेल यांनी. स्टॅक्सचे प्रमुख, तरुणपणी काही काळ डॉ. मार्टिन लूथर किंग यांच्या संघटनेत काम केलेला माणूस. भावाचा गोळी लागून मृत्यू झाला. अंत्यसंस्कार आटोपून ते आर्कान्सामध्ये वडिलांच्या परसात एका जुन्या बसच्या बॉनेटवर बसले होते, तिथे हे शब्द सुचले. अशा वेळी सुचलेलं 'कुणी रडत नाही असं ठिकाण' निव्वळ राजकारण कसं असेल?

तर माझा दावा: हे गाणं आधी तारणाचं आहे, बाकी सगळं नंतर. मतभेद असतील तर येऊ द्या.

खर्जातला सा

फंक? छे. बास वाजवतो म्हणून बोलतो.

पहिल्या काही सेकंदांची बासची ओळ ऐका आणि मग १९६९ ची जमैकाची 'द लिक्विडेटर' ही धून लावा, हॅरी जे ऑलस्टार्सची. चोरी म्हणा, उसनवारी म्हणा, ओळ तीच आहे. जमैकात ती वाजवली अ‍ॅस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेटने, जो पुढे बॉब मार्लेच्या मागे उभा राहिला. म्हणजे तुमचं 'फंक' मुळात रेगे आहे, जमैकाचं संगीत. गाण्याचं रेकॉर्डिंग अलाबामात झालं, तिथल्या वादकांनी ते आपल्या पद्धतीने वाजवलं एवढंच. आणि रेकॉर्डवर नाव एकट्या अल बेल यांचं, जमैकावाल्यांना काही नाही. तारणाच्या गाण्याची सुरुवातच दुसऱ्याच्या खिशातून, हे तुमच्या प्रवचनात कुठे बसतं ते सांगा.

अजून एक. पंचमाचा कॉर्ड नाही म्हणून वचन अपूर्ण, मोक्ष लांब वगैरे जे लिहिलंय ते वाचायला छान आहे. पण अमेरिकन गायक जेम्स ब्राउनची गाणी याच्याही पुढे जाऊन एकाच कॉर्डवर चालतात, आणि त्यात तो घामाघूम होऊन प्रेयसीबद्दल ओरडत असतो. तिथेही तारण का? चाल एका जागी फिरवत ठेवली की लोक नाचत राहतात, हा धंद्याचा साधा हिशेब आहे.

मृदंगी

@खर्जातला सा, लिक्विडेटरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. श्रेय द्यायला हवं होतं. पण सुरुवात उसनी आहे म्हणून गाणं उसनं होत नाही. त्या धुनेत शब्दच नव्हते!

जेम्स ब्राउनबद्दल एवढंच म्हणतो: तो एका कॉर्डवर अंगात आल्यासारखा घुमायचा हे तो शिकला कुठे? चर्चमध्येच.

नगरी मळा

मी ख्रिस्ती आहे, नगरचा, तीन पिढ्या चर्चमध्ये गाणाऱ्या घरातला. त्यामुळे 'सैतानाचं संगीत' म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका. तो वाद आमच्याकडे केव्हाच झालाय. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि येशूला अभंगात आणि ओवीत आणलं, टाळ-मृदंगाने कीर्तनं केली. इंग्रजी चालींची मराठी भाषांतरं गाणाऱ्या मंडळींना ते सगळं पचायला वेळ लागला. आज आमच्या उपासनासंगीतातली टिळकांची पदं कुणाला परकी वाटत नाहीत. वाद्य कुठलं, ठेका कुठला, याने माझं काही अडत नाही. ढोलकीवर गा, बासवर गा.

माझा आक्षेप वेगळाच आहे आणि मृदंगी, तो तुमच्याच पुराव्यातून निघतो. योहान १४ तुम्ही आणलात. तिथे 'मी जागा तयार करतो, मी तुम्हाला घेऊन जाईन' असं कोण म्हणतं? येशू म्हणतो. शिष्यांपैकी कुणी म्हणत नाही. थोमा तर उलट विचारतो, आम्हाला वाटच ठाऊक नाही. या गाण्यात ते वाक्य गाणारी स्वतः घेते. मला ठिकाण ठाऊक आहे, मी नेते. वाट दाखवते असंही नाही, नेते!

टिळकांची कुठलीही रचना काढा. गाणारा खाली आणि ज्याला गातोय तो वर. इथे गाणारीच तारणाऱ्याच्या जागी उभी आहे आणि खरा तारणारा गाळलेला आहे. नाव न घेता कळायचं त्याला कळतं हे ठीक. पण मग १९७२ मध्ये ज्या लाखो लोकांनी हे गाणं रेडिओवर ऐकलं आणि त्यांना काहीच कळलं नाही, त्यांच्यासाठी हे काय होतं? सहलीचं आमंत्रण?

तारणाचा संदेश म्हणायचा तर कोण तारतो हे सांगावंच लागतं.

उगाच एक

वाचतोय. मृदंगी विरुद्ध नगर, सामना रंगणार.

मुक्काम शिकागो

शिकागोत राहतो, इथल्या दक्षिण भागात कामानिमित्त रोजचं जाणं-येणं आहे. स्टेपल्स कुटुंबाबद्दल इथे अजून घरच्यांसारखं बोलतात. थोडी भर घालतो, आणि धागाकर्त्यांशी असहमती नोंदवतो.

पॉप्स १९१४ चे, मिसिसिपीचे. डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर वाढले, जिथे चार्ली पॅटनसारखा ब्लूजवाला (ब्लूज म्हणजे काळ्यांची दुःखाची लोकगाणी) त्यांनी लहानपणी डोळ्यांसमोर ऐकला. शिकागोला आल्यावर खाटिकखान्यात वगैरे मजुरी केली. १९४८ च्या सुमारास मुलांना घेऊन चर्चमध्ये गायला सुरुवात. त्यांच्या गिटारचा तो थरथरणारा आवाज ब्लूजमधलाच, त्यावर चर्चचे शब्द. म्हणजे पवित्र-अपवित्र ही भानगड या घरात पहिल्यापासून सुटलेली होती.

पण वळण आलं ते डॉ. किंग यांच्यामुळे. माँटगोमेरीला त्यांचं प्रवचन ऐकून आल्यावर पॉप्सनी मुलांना सांगितलं की हा माणूस जे प्रवचनात सांगतो ते आपण गाऊ शकतो. तिथून गाणीच बदलली. १९६५ च्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चावर 'फ्रीडम हायवे'. लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवलं त्यावर 'व्हाय अ‍ॅम आय ट्रीटेड सो बॅड', जे किंग यांचं आवडतं होतं, सभेआधी ते गायला सांगत. ही सगळी गाणी चर्चच्या चालीत, पण बोट रस्त्याकडे.

आणि मग ४ एप्रिल १९६८. किंग यांना मेम्फिसच्या लोरेन मोटेलमध्ये गोळी घातली. स्टॅक्सचे गोरे आणि काळे कलाकार एकत्र बसू शकतील अशा शहरातल्या मोजक्या जागांपैकी ती एक, काही गाजलेली गाणी तिथल्या खोल्यांमध्ये लिहिली गेलीत. स्टेपल सिंगर्स त्याच वर्षी स्टॅक्सकडे आले. आता 'मला एक ठिकाण ठाऊक आहे' हे वाक्य या पार्श्वभूमीवर ऐका. किंग यांनी आदल्या रात्री भाषणात काय सांगितलं होतं? डोंगरावरून आपण वचनदत्त भूमी पाहिलीय, कदाचित मी तुमच्यासोबत पोचणार नाही, पण आपण सगळे मिळून पोचू. चार वर्षांनी मेव्हिस म्हणते, मी नेते. नगरी मळा यांना ते तारणाऱ्याची जागा घेणं वाटतं. मला ते पडलेल्या माणसाच्या हातातली मशाल उचलणं वाटतं. आणि ती वचनदत्त भूमी ढगांत नाही, अमेरिकेतच आहे. म्हणून हे आधी मुक्तीच्या चळवळीचं गाणं, बाकी नंतर.

सोलापुरी

सगळे एवढे गंभीर झालात म्हणून थोडं अवांतर.

आमच्या गावचा रामजोशी. पेशवाईच्या अखेरचा. घरात पुराण-कीर्तन, थोरला भाऊ त्यातला नामांकित, आणि हा पठ्ठ्या तमाशाच्या फडात लावण्या रचणार. भाऊबंदांनी नाकं मुरडली. पुढे तोच कीर्तनाला उभा राहिला. पण लावण्यांतली ती शब्दांची नखरेल फेक काही कीर्तनकार झाला म्हणून पुसली गेली नसणार!

असाच एक शिकागोत होऊन गेला, टॉमस डॉर्सी. विसाव्या शतकाच्या विशीत 'जॉर्जिया टॉम' या नावाने असली द्वयर्थी गाणी करायचा की आपले लोककवी लाजतील. १९२८ चं त्याचं एक गाणं तुफान खपलं, शीर्षक इथे लिहीत नाही, पोरंबाळं वाचतात. १९३२ मध्ये बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळ गेलं, आणि त्या दुःखात त्याने 'प्रेशस लॉर्ड' लिहिलं. ब्लूजची चाल चर्चमध्ये आणली म्हणून त्याला आधी बऱ्याच चर्चांनी दारातून परत पाठवलं. आज त्याला गॉस्पेलचा, म्हणजे काळ्या चर्चच्या भक्तिगीतांचा, जनक म्हणतात.

तेव्हा जे फडात वाजतं ते उद्या देवळात वाजतं. मृदंगी आणि खर्जातला सा यांनी फंक की रेगे यावर रक्त आटवू नये. तेवढंच.

निळी पहाट

इथे सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत दिसतंय की 'नेणं' ही चांगली गोष्ट आहे. वाद फक्त कुठे न्यायचं याचा. मला तिथेच अडचण आहे.

तारणाच्या भाषेने दडपलेल्या माणसाचं काय केलं हे अमेरिकेतल्या काळ्यांना विचारा. मालक रविवारी गुलामांना हेच सांगायचा: वर एक जागा आहे, तिथे रडणं नाही, तोवर कापूस वेचा. पॉप्स ज्या मिसिसिपीतून आले तिथे ही शिकवण किती पिढ्यांनी ऐकली असेल. म्हणून धागाकर्ते जेव्हा म्हणतात की हे वचन चालू असतं पण हातात पडत नाही आणि तेच त्याचं सौंदर्य, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते. कुणाच्या हातात पडत नाही? ज्यांच्या हातात कधीच काही पडलं नाही, त्यांच्या!

गाणं मला आवडतं. मग का आवडतं? एका ओळीसाठी. न रडणं, घोर नसणं, हे कुठल्याही भजनात मिळेल. हसऱ्या चेहऱ्याने वंशांना फसवणारे तिथे नाहीत, ही ओळ भजनातली नाही. ती १९७२ ची आहे, तिच्यात बोट दाखवलेलं आहे. रेकॉर्डिंग कुठे झालं पहा. अलाबामातल्या शेफील्डला, मसल शोल्स साउंड स्टुडिओत. तिथला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस, ज्याने १९६३ मध्ये शपथ घेताना 'वंशभेद आज, उद्या आणि कायम' अशी गर्जना केली होती. तोच १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी देशभर फिरत होता आणि फ्लोरिडाची प्राथमिक निवडणूक जिंकला होता. १५ मे ला मेरीलँडमध्ये त्याच्यावर गोळीबार झाला आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. वादक सगळे गोरे अलाबामावाले: डेव्हिड हूड, रॉजर हॉकिन्स, बॅरी बेकेट, जिमी जॉन्सन. त्या राज्यात एक काळी बाई गोऱ्या पोरांना नावाने हाका मारून सांगते, आता तू वाजव. हे मला कुठल्याही स्वर्गापेक्षा मोठं वाटतं.

आणि योगायोग म्हणून सांगतो. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव आणि स्फूर्ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेऊन. आमच्याकडे गाण्यातून जागं करायचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून आंबेडकरी जलशांनी केलं. तमाशाचा साचा घेतला, त्यातला गणपती काढला, ढोलकी ठेवली. कुणी तुम्हाला नेणार नाही, उठा, हे सांगितलं. नगरी मळा यांचा प्रश्न बरोबर आहे: 'मी' कोण? पण त्यांना तिथे येशू हवाय. मला तिथे कुणीच नकोय.

खर्जातला सा

निळी पहाट, नावाने हाका मारण्याचा मुद्दा एकदम कडक. त्यावर वाजवणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी.

मधल्या भागात मेव्हिस 'डॅडी' अशी हाक मारते आणि गिटार वाजते. सगळ्यांना वाटतं पॉप्स वाजवतायत. प्रत्यक्षात रेकॉर्डवर तो तुकडा एडी हिंटन या गोऱ्या गिटारवाल्याने वाजवलाय. नंतर ती 'लिटल डेव्ही' म्हणून बासला पुढे बोलावते, तो मात्र खरोखर हूड. आता त्याचा तुकडा नीट ऐका. दुसरा कुणी असता तर हाक आल्याबरोबर बोटांची कसरत दाखवली असती. हा काय करतो? ओळ जराशी वर उचलतो, दोन-चार स्वर फिरवतो आणि लगेच मूळ जागी येऊन बसतो. आमच्या बँडमध्ये आम्ही हे बसवायला घेतलं तेव्हा मी नको तिथे स्वर भरत होतो. ड्रमवाला वैतागून म्हणाला, तू थांबशील तर गाणं चालेल. खरं होतं. त्या ओळीतल्या मोकळ्या जागा काढल्या की सगळं झोपतं.

तर प्रवचन असेल नसेल, मला माहीत नाही. पण 'नेण्याचं' काम कोण करतं हा प्रश्न असेल तर माझं उत्तर तयार आहे. डेव्हिड हूड करतो. बाई फक्त पाटी दाखवतेय.

(आणि हो, फंक नाहीच. यावर मी मरेपर्यंत ठाम.)

बाजारभाव

कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो: पैसा.

स्टॅक्स ही कंपनी होती, मठ नव्हे. ज्या अल्बममध्ये हे गाणं आलं त्याचं नाव 'बी अ‍ॅल्टिट्यूड: रिस्पेक्ट युवरसेल्फ'. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या धन्यवचनांना इंग्रजीत 'बीअ‍ॅटिट्यूड्स' म्हणतात, त्यावर केलेली कोटी. म्हणजे चर्चवाल्या गिऱ्हाइकाला डोळा मारायचा आणि डिस्कोवाल्यालाही नाराज करायचं नाही. नगरी मळा विचारतात, तारणाऱ्याचं नाव का नाही? कारण नाव घातलं की गाणं गॉस्पेलच्या कप्प्यात जातं आणि पॉप रेडिओ ते लावत नाही. एवढं सोपं आहे.

आणि दर्जा काय राहिला बघा पुढे. १९९१ मध्ये सॉल्ट-अँड-पेपा या रॅप गटाने हाच ठेका उचलून लैंगिक विषयावर मोकळेपणाने बोलू या असं सांगणारं गाणं केलं, जगभर गाजलं. तारणाचा ठेका होता तर तो तिथे कसा चालला? कारण ठेक्याला धर्म नसतो. रिकामं भांडं आहे, त्यात ओताल ते.

मृदंगी

@बाजारभाव, १९९१ आणलंत ते बरं केलंत, कारण अर्धंच सांगितलंत. त्याच १९९१ मध्ये बीबी आणि सीसी वायनन्स या गॉस्पेल गाणाऱ्या भावंडांनी हेच गाणं पुन्हा केलं, सोबतीला खुद्द मेव्हिस. तेही गाजलं, काळ्या श्रोत्यांच्या यादीत पहिलं आलं. एकाच वर्षी तोच ठेका एकीकडे शयनगृहात गेला आणि दुसरीकडे चर्चवाल्यांनी तो परत घेतला. भांडं खरंच रिकामं असतं तर परत घ्यायला कुणी आलं नसतं. दावा सांगायला माणूस तिथेच येतो जिथे आपलं काही ठेवलेलं असतं.

पैशाबद्दल: हो, कंपनी होती. २० ऑगस्ट १९७२ ला याच कंपनीने लॉस एंजेलिसच्या कॉलिझियममध्ये वॉटस्टॅक्स केलं. १९६५ ला ज्या वॉट्स भागात दंगलीत ३४ माणसं गेली तिथल्या लोकांसाठी, तिकीट एक डॉलर, लाखभर माणूस. स्टेपल सिंगर्स तिथे गायले. साडेतीन वर्षांच्या आत, १९७५ च्या डिसेंबरात, कंपनीचं दिवाळं वाजलं. इतका पक्का धंदेवाईक हिशेब असता तर निदान टिकली तरी असती.

@निळी पहाट, तुमच्या प्रतिसादावर जरा थांबलो. मालकाचं प्रवचन आणि हे गाणं यांत मला जो फरक दिसतो तो असा. मालक म्हणायचा, तू वर जाशील, मेल्यावर, एकटा. त्याच गुलामांनी वचनदत्त भूमीची गाणी रचली आणि ती गात रात्री उत्तरेकडे पळून गेले, हेही तेवढंच खरं. तारण मालकाने सांगितलं म्हणून ते मालकाचं झालं नाही. हातात न पडण्याला मी सौंदर्य म्हटलेलं नाही, एवढं मात्र नोंदवतो. चालीत काय घडतं ते सांगितलं.

@मुक्काम शिकागो, 'आधी चळवळ, बाकी नंतर' असं तुम्ही म्हणता. किंग यांच्या त्या शेवटच्या भाषणातलं डोंगर आणि भूमी हे मोशेचं, बायबलमधलं. ते काढून चळवळ वेगळी दाखवा बरं.

मुक्काम शिकागो

दाखवता येणार नाही, कबूल. पण मग उलटही करा. चळवळ काढून तुमचं तारण वेगळं दाखवा. वंशांना फसवणाऱ्या चेहऱ्यांची ओळ कुठल्या अध्यायात आहे?

नगरी मळा

वायनन्स भावंडांचं आज दोनदा ऐकलं. उत्तम गायलेत. आमच्या तरुण संघात मुलांनी म्हटलं तर मी टाळ्या वाजवीन. प्रभुभोजनाच्या वेळी म्हणू देणार नाही.

मृदंगी, तुम्ही सगळ्यांना उत्तरं दिलीत, माझा प्रश्न मात्र बाजूने काढलात. पुन्हा विचारतो. नेणारा कोण? शिकागोकरांनी मशाल म्हटलं, निळी पहाट यांना कुणीच नको, खर्जातला सा यांना बासवाला पुरतो. तुमच्या मते हे आधी तारणाचं गाणं आहे ना, मग तुम्ही सांगायला हवं.

मृदंगी

बाजूने काढला नव्हता, शोधत होतो.

गाणं पुन्हा ऐका. 'मी नेते' म्हणून झाल्यावर मेव्हिस थोड्याच वेळात ओरडते, कुणीतरी मला मदत करा. पुन्हा पुन्हा. जी बाई सगळ्यांना घेऊन निघालीय तीच मदत मागतेय, तीच 'मर्सी' म्हणतेय. येशूच्या जागी उभं राहिलेलं माणूस असं करेल? तारणाऱ्याला दया मागावी लागत नाही. ती रांगेत पुढे आहे इतकंच. वारीत विणेकरी पुढे असतो म्हणून तो विठ्ठल होत नाही. काळ्या चर्चमध्ये पाद्री बोलतो आणि मंडळी मागून 'हो' भरते. ती भरली नाही तर त्याचं प्रवचन पुढे सरकत नाही. मेव्हिस तेच मागतेय. तिच्या बहिणी मागून जे 'मी नेते, मी नेते' म्हणत राहतात तो मंडळीचा हुंकार आहे. म्हणजे 'मी' एकटी मेव्हिस नाहीच.

नगरी मळा

चांगलं ऐकलंत. पण मदत 'कुणीतरी करा' अशी मागितलीय. मंडळीकडे. देवाकडे नाही. तोच माझा आक्षेप आहे.

निळी पहाट

आणि नेमकं त्याचसाठी मला गाणं आवडतं.

खर्जातला सा

लिक्विडेटर अजून कुणी ऐकलेलं दिसत नाही. आधी ते ऐका, मग भांडा.